छातीतलं भोक आणि भोये सिस्टर

मागून चपलांचा फटफट आवाज आला की अजूनही मी हातातलं वर्तमानपत्र टेबलाखाली सारतो. निवृत्त होऊन वर्षं झाली, घरात बायको सोडली तर माझ्यावर साहेब कुणी नाही, तरी सवय जात नाही. ती मला भोये सिस्टरांनी लावली. मोखाडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी कारकून होतो आणि त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्स होत्या. हुद्द्यानं काही त्या माझ्या वर नव्हत्या. पण त्या दारात आल्या की आपण काहीतरी करायचं विसरलोय असं वाटू लागे, आणि बहुतेक वेळा ते खरंच असे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची आणि त्यापुढच्या सहा-सात वर्षांची. आमचे जव्हार-मोखाडा हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या साहेबाला कुणावर राग काढायचा असला की त्या माणसाची बदली आमच्याकडे होई. मी जव्हार गावातला, मास्तरांचा मुलगा, त्यामुळे मला ती शिक्षा नव्हती. सिस्टर साखरशेतच्या. वडील भात आणि नागली पिकवायचे. घरातली शिकलेली पहिली मुलगी म्हणून त्यांना गावात मान होता, पण तो घेण्याइतका वेळ त्या गावात थांबत नसत.

बाईंची उंची बेताची. नोकरीची पांढरी साडी त्या घोट्याच्या चार बोटं वर नेसत, चढणीवर पायात येऊ नये म्हणून. चहा उभ्यानं, बशीत ओतून, आणि निम्मा तसाच टाकून. एसटीची वाट त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. गाडी साडेदहाची असेल तर बाई दहाला चालायला लागत आणि गाडीनं त्यांना गाठलं तर हात करत. बोलताना माझ्या टेबलावरचे शिक्के सरळ करत, पेनं एका रांगेत लावत. महिना संपायला तीन दिवस असतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटत, आणि मग मी अहवालावर चुकीची तारीख टाकली की मलाच हसत. "जरा बसा की, सिस्टर," म्हटलं की उत्तर ठरलेलं:

"बसून कुणाचा ताप उतरलाय, भाऊसाहेब?"

त्यांची एक खोड मात्र मला बरीच वर्षं कळली नव्हती. लसीकरणाला सुई टोचून झाली की त्या रडणाऱ्या पोराच्या उघड्या छातीवर तळहात ठेवत आणि क्षणभर डोळे मिटत. मला वाटे, माया. एकदा आमच्या तरुण डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "सर, खालच्या पाड्यावर एका पोराची छाती घुरघुरते. मांजरावर हात ठेवल्यासारखी."

डॉक्टर नवीनच पास होऊन आलेले. म्हणाले, "कफ असेल."

"कफ खोकल्यावर हलतो. ही घुरघुर जागची हलत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या पोराला घेऊनच आल्या. बाप काळू त्याला खांद्यावर बसवून दोन तास चालत आला होता. पोराचं नाव रमेश, वय चार, हातात अर्धवट खाल्लेलं केळं. डॉक्टरांनी नळी लावली, जागा बदलली, पुन्हा लावली. मग त्यांनी आपल्या हातानं मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, जी एरवी ते मला लिहायला लावत. त्या दिवसापासून डॉक्टर सिस्टरांना उभं राहून नमस्कार करू लागले आणि सिस्टरांना त्याचा भयंकर संकोच वाटे.

त्याच सुमारास जव्हारला हृदयरोगाचं शिबिर भरलं. मुंबईहून डॉक्टर आले, पडद्यावर धडधडतं काळीज दाखवणारं यंत्र आलं. रमेशच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक आहे हे तिथं पक्कं झालं. जेवणाच्या वेळी मोठे डॉक्टर आम्हा कर्मचाऱ्यांना सांगत होते, की आता अशा भोकांसाठी छाती उघडावीच लागते असं नाही. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात. नळीत घडी घातलेली तारेची जाळी असते. भोकात नेऊन सोडली की ती दोन्ही बाजूंना उघडते, एक चकती अलीकडे, एक पलीकडे, आणि काजात बटण बसावं तशी बसते. टाका नाही, जखम नाही, दोन दिवसांत पोर घरी.

सिस्टरांनी ताट खाली ठेवलं. आमच्या पाड्यांवर हातापायाचं, पोटाचं ऑपरेशन लोक कसंबसं कबूल करत, पण छाती कापायची म्हटली की बाप पोराला उचलून चालू लागे. आणि इथं हा देवमाणूस सांगत होता की कापायचंच नाही! त्यानंतर डॉक्टर हेही म्हणाले, की प्रत्येक भोकाला हा उपाय चालत नाही. भोक कुठं आहे, कडा धरायला जागा आहे का, हे आधी नीट पाहावं लागतं, आणि नसेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. मी ते ऐकलं, कारण मला आमरस अजून वाढून घ्यायचा होता. सिस्टरांनी ऐकलं नाही. त्या हात धुऊन काळूकडे जायला जीप शोधत होत्या.

पुढचं सांगताना आजही मला कसंतरी होतं. सिस्टरांनी काळूला शब्द दिला, "छाती कापत नाहीत. मांडीतून तार घालतात. मी सांगते ना!" नर्सबायचा शब्द म्हणून काळू पोराला घेऊन मुंबईला गेला. तिथं तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, हे भोक झडपेला लागून आहे, तारेचं काम नाही, छाती उघडावी लागेल. काळू फक्त एवढंच म्हणाला, "बायनं वेगळा सांगतला." त्याच दुपारी त्यानं रमेशला चादरीत गुंडाळलं आणि वॉर्डातून निघून आला.

पुढच्या श्रावणात रमेश तापानं आणि धापेनं गेला. बातमी ऑफिसात आली तेव्हा सिस्टर लसीच्या डब्यात बर्फ भरत होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा खांद्याला अडकवला आणि ठरलेल्या पाड्यावर लसीकरणाला गेल्या. संध्याकाळी मी म्हटलं, "सिस्टर, तुमची काय चूक यात?"

"मी जेवणावरून उठले, भाऊसाहेब. पुरतं ऐकून घेतलं नाही."

हा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही. पण त्यांची घाई त्यानंतर वेगळी झाली. आधी तिच्यात एक मजा होती, आता जीव घाबरा करणारं काहीतरी आलं. एकच प्रश्न डॉक्टरांना तीनतीनदा विचारत. पाड्यावरून परत आल्या की "मी त्या बाईला गोळी जेवल्यावर सांगितली की जेवायच्या आधी?" म्हणत पुन्हा पाच किलोमीटर चढून जात. मला राग यायचा. माणसानं एकच चूक फेडावी तरी किती वर्षं?

आणखी एक उद्योग त्यांनी सुरू केला. शाळेत गेल्या की सगळ्या पोरांना चढावरच्या आंब्यापर्यंत पळवत आणि स्वतः वर उभ्या राहून बघत. कोण मागे पडतं, कोण मध्येच बसतं, कुणाच्या नाकपुड्या फुलतात. तळहाताला प्रत्येक भोक कळत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. काही भोकं गुपचूप असतात. मास्तर लोक कुरकुरत, की सिस्टर येऊन गेल्या की पोरं दिवसभर वर्गात बसत नाहीत. या पळवापळवीत सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरची वनिता सापडली. नऊ वर्षांची, काटकुळी, दर महिन्याला सर्दी-ताप. ती निम्म्या चढावर बसली आणि बसूनच हसत राहिली.

पुढच्या शिबिरात निदान झालं, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. डॉक्टर म्हणाले, बहुधा तारेनं होईल. यावेळी सिस्टर त्यांच्यासमोर खांबासारख्या उभ्या होत्या. "बहुधा म्हणजे? नाही झालं तर?" डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं. अन्ननलिकेतून यंत्र घालून आतून नीट बघणार, कडा पुरेशा निघाल्या तर जाळी, नाहीतर शस्त्रक्रिया.

वनिताच्या बापाचं नाव जानू. आम्ही त्याच्या अंगणात गेलो, कारण कागदांवर त्याचा अंगठा मला घ्यायचा होता. आमच्याकडे पाड्यावर कलेक्टरलाही तू म्हणतात, तिथं नर्सची काय कथा.

"पक्का सांग," जानू म्हणाला. "तार का सुरी?"

"ठाऊक नाय," सिस्टर म्हणाल्या. पाड्यावर गेल्या की त्यांची भाषा तिथलीच होई. "तारेनं होईल असा डाक्टर म्हनतो. पन आत बघून नाय जमला तर सुरी. दोन्हीला हो म्हनशील तरच चल."

"तुलाच ठाऊक नाय, त मंग आलीस कशाला?"

आम्ही अंगठ्याशिवाय परत आलो. उतरताना मी चिडलो होतो. म्हटलं, "नव्वद टक्के तर तार आहे. तार म्हणाला असतात तर पोरगी गाडीत असती."

"तुम्ही पत्रं लिहा, भाऊसाहेब. बोलायचं मी बघते."

दिवाळी झाली आणि वीटभट्टीचा ट्रक येऊन जानूला, बायकोला आणि वनिताला भिवंडीकडे घेऊन गेला. मुंबईच्या रुग्णालयातून तारीख आली ती माघातली. एका शनिवारी सिस्टर टेबलाशी आल्या, शिक्के सरळ केले आणि म्हणाल्या, "उद्या रविवार. चला." कुठं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

तीन भट्ट्यांवर जानू सापडला नाही. चौथ्या भट्टीवर ऊन डोक्यावर आलेलं, राख उडत होती, आणि जानू उकिडवा बसून साच्यात चिखल थापत होता. वनिता सुकायला घातलेल्या कच्च्या विटा कडेवर उभ्या करत होती. आठ-दहा विटा केल्या की खाली बसायची, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची, पुन्हा उठायची. सिस्टर तरातरा पुढे गेल्या आणि मध्येच थबकल्या. जानूच्या शेजारच्या साच्यावर काळू बसला होता.

त्यांनी काळूकडे पाहिलं, काळूनं साच्याकडे. मला वाटलं, आता फिरा मागे. पण त्या जानूसमोर चिखलातच उकिडव्या बसल्या आणि जे अंगणात सांगितलं होतं तेच शब्दाला शब्द पुन्हा सांगितलं. जानूनं तेच विचारलं. उत्तरही तेच आलं, ठाऊक नाय.

काळू वर न बघता बोलला. "जानू, पोरीला ने."

जानू म्हणाला, "तूच त सांगत होतास, बायनं फसवला म्हनून."

"फसवलाच. तार म्हनली नि निघाली सुरी. मी पोर उचलला." त्यानं साचा उचलला, वीट सुटी केली. "मंग ही घरी आली. चार येल आली. माझ्या पाया पडली. म्हनली, मी चुकले, पन रमेशला ने, सुरीनं का होईना वाचंल. मी चारी येल दार लावला." त्यानं हात चिखलात घातला आणि तसाच ठेवला. "आता ठाऊक नाय म्हनते ना? त खरा सांगते ती."

चार वेळा! मी त्याच ऑफिसात बसत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. सिस्टर मान खाली घालून रडत होत्या, नाक पदराला पुसत होत्या. जानूनं चिखलाचा हात लुंगीला पुसला आणि माझ्यापुढे अंगठा धरला. मी पिशवीतून शाईची डबी आणि कागद काढले.

मुंबईत वनिताला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर जानू, त्याची बायको मथी आणि मी. सिस्टर व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. तिथल्या सिस्टरांनी दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला. दाराचा आवाज झाला की जागीच थांबून तिकडे बघत. दीडेक तासानं डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "जाळी बसली. छान बसली." सिस्टरांनी विचारलं, "कडा?" डॉक्टर हसले. "कडा भरपूर होत्या, बाई."

आम्ही पेढ्यांच्या गोष्टी करू लागलो आणि तिकडे वॉर्डात वेगळंच सुरू झालं. मथीनं पोरीचा झगा वर केला, छाती पाहिली, पाठ पाहिली, काखा पाहिल्या. कुठं काही नाही. वनिता तान्ही असताना भगतानं तिच्या छातीवर तापल्या विळ्याचा डाग दिला होता, तो तेवढा जुना डाग होता. मथीचं म्हणणं सरळ होतं. इलाज केला की अंगावर खूण राहते. इथं काप नाही, टाका नाही, म्हणजे काही केलंच नाही, नुसतं निजवून ठेवलं. सिस्टरांनी मांडीवरची छोटी पट्टी दाखवली.

"दुखना छातीत नि टोचला मांडीला?" मथी म्हणाली. "मना येडी समजतेस?"

ज्यासाठी एवढा जीव टाकला, छाती न कापता पोरगी बरी व्हावी, तेच आता मथीला पटेना. मला हसू येत होतं. सिस्टरांना येत नव्हतं. सहा महिने रोज एक गोळी द्यायची होती आणि पहिले काही आठवडे पोरीनं जड उचलायचं नव्हतं, नाहीतर नवी बसवलेली जाळी सरकायची भीती. इलाज झालाच नाही असं मानणारी आई हे कशाला पाळेल?

जानू भट्टीवर परतला, मथी पोरीला घेऊन पाड्यावर आली. सूर्यमाळला त्या दिवसांत पाणी म्हणजे दरीतला एक झरा, आणि त्या उतारावरून नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हंडा असतोच. सिस्टर तिसऱ्याच दिवशी पोचल्या तेव्हा वनिता रिकामा हंडा घेऊन निघाली होती. सिस्टरांनी तो हिसकून घेतला. "मथी, तुला पटत नसंल तर नको पटू. हंडा मी नेते."

आणि नेला. दुसऱ्या दिवशीही. नोकरीची पांढरी साडी, डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, आणि मागे गोळीच्या पुडीची राखण करत रिकाम्या हातांनी चालणारी वनिता. आठवडाभर हे चाललं. आमच्याकडे अहवाल उशिरा आले, डॉक्टर बोलले, मी सारवासारव केली. शेवटी पाड्यावरच्या बायकाच मथीला बोलू लागल्या, की सरकारची नर्स तुझं पानी भरते, लाज नाय वाटत? मथीनं हंडा ओढून घेतला आणि ती गोळ्याही मोजून द्यायला लागली, पटून नव्हे, लाजेनं. पटलं ते पावसाळ्यात. त्या वर्षी वनिता एकदाही तापली नाही, आणि लावणीच्या दिवसांत बांधावरून पोरांच्या मागे पळता पळता आईला हाका मारत होती.

माझी जव्हारला बदली झाली त्याच्या आदल्या आठवड्यात मी सिस्टरांना शेवटचं पाहिलं. जन्मनोंदीचं काम काढून मी जीपनं खोडाळ्याकडच्या एका पाड्यावर गेलो होतो आणि त्या तिथं आधीच येऊन उभ्या होत्या. बरोबर वनिता होती, आता चांगली उंच झालेली, आणि जामसरचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली होती. समोर कुडाच्या घराच्या ओट्यावर एक तरुण बाप बसला होता, मांडीवर दीड-दोन वर्षांचं धापणारं पोर.

जामसरच्या मुलानं शर्टाची बटणं काढली. गळ्याखालपासून बेंबीच्या वर चार बोटांपर्यंत सरळ वण. बापानं त्यावर बोट फिरवून पाहिलं. मुलाला गुदगुल्या झाल्या.

"हा सुरीनं बरा झाला," सिस्टर म्हणाल्या. "ही तारेनं. हिला दाखवायला काय नाय. तुझ्या पोराला यातला कोनता लागंल, मना ठाऊक नाय. तिथं जाऊन कळंल."

बापानं मांडीवरचं पोर सावरलं. मग म्हणाला, "एक सांग. तुझ्या सांगन्यावरून गेला नि मेला, असा कुनी पोर आहे?"

मला मध्ये पडून सांगायचं होतं, की बाबा रे, तसं नव्हतं ते, त्या चार वेळा गेल्या होत्या, पाया पडल्या होत्या. मी तोंड उघडण्याआधीच उत्तर आलं.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "रमेश. काळूचा. तार म्हनून मी धाडला, निघाली सुरी. मी पुरता ऐकून घेतला नव्हता. चार वर्षांचा होता."

चार वेळांचं त्या बोलल्या नाहीत. भिंतीआड बांगड्या वाजल्या, बाई आतून ऐकत होती. बापानं सिस्टरांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोराकडे. आता हा उठून आत जाणार आणि दार लावणार, असं मी धरूनच चाललो होतो. तो उठला. पोराला त्यानं खांद्यावर घेतलं.

"याच्या आयला पन घेऊ का संगं?" त्यानं विचारलं.

"घे," सिस्टर म्हणाल्या. "नि तिला चादर घ्याला सांग. तिथं लादीवर निजावं लागतं, गार असते."